हिरवा दिवा आणि माझे १,५२० डॉलर

लिहायची लाज वाटते, पण अमेरिकेतल्या आपल्या लोकांपैकी आणखी कोणी सापडू नये म्हणून लिहितोय. दारावर येणारे 'फुकट फर्नेस (घर तापवणारी भट्टी) तपासणी'वाले कसे गोड बोलतात ते सांगायला नकोच.

आमचं घर दुमजली. उन्हाळ्यात वरचा मजला तापतो, हिवाळ्यात खालचा गारठतो. दर ऋतूला बेसमेंटमध्ये जाऊन डक्टमधले डॅम्पर, म्हणजे हवेच्या नळातल्या झडपा, हाताने फिरवायचे. असाच एक तपासणीवाला दारावर आला. तो म्हणाला, थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र) २४ व्होल्टचा सिग्नल ओळखणारी पेटी बसवतो, कूलिंग लागलं की वरचे डॅम्पर उघडतील, हीटिंग लागलं की खालचे. यात अशक्य काहीच नाही, म्हणून तर फसलो. त्यात जून महिना, आणि सासू-सासरे वरच्या खोलीत राहायला येणार होते.

पेटी आणि दोन मोटरवाले डॅम्पर १,२४०, 'प्रोग्रॅमिंग' १८५, 'सीझन कॅलिब्रेशन' ९५. एकूण १,५२० डॉलर, फोनवरून थेट त्याच्या खात्यात. कार्डाला चार टक्के जास्त पडतील म्हणाला. ६०.८० डॉलर वाचवले मी!

पेटीवर हिरवा दिवा लागला. "बघा, सिग्नल आला." त्या क्षणी थर्मोस्टॅट बंद होता, मीच केला होता. पंखा शांत, फर्नेस शांत आणि दिवा पेटलेला! त्याने पेटीला दोनच तारा जोडल्या होत्या, आर आणि सी. त्या दोघींत २४ व्होल्ट बाराही महिने असतात. कूलिंगची मागणी 'वाय' नावाच्या तारेवर येते, हीटिंगची 'डब्ल्यू'वर. हे मला माहीत होतं हो, आमचा थर्मोस्टॅट मी स्वतः बदललाय. तरी नंदीबैलासारखी मान हलवली.

आठव्या दिवशी पेटी उघडली. आत एक डायोड, एक रेझिस्टर आणि तो दिवा. डॅम्परच्या तारा आत आणून नुसत्या टेप गुंडाळून ठेवलेल्या. सिग्नल आला की मोटर चालू करणारा स्विच, म्हणजे रिले, नावालासुद्धा नाही.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला, आणि वर विचारतात, पावती आहे का? परवाने देणारं खातं म्हणतं, त्याच्याकडे परवानाच नाही, मग आम्ही कारवाई कशावर करणार? म्हणजे परवाना घेणाऱ्याने भ्यायचं, न घेणाऱ्याने मोकाट फिरायचं! प्रत्येक ठिकाणी चाळीस-चाळीस मिनिटं फोनवर तेच संगीत ऐकलं.

घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्यावरची विक्री तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते. फेडरल नियमच आहे, 'कूलिंग-ऑफ रूल'. (या सगळ्या प्रकरणात खरं कूलिंग एवढंच.) रद्द करायचा फॉर्म विक्रेत्याने स्वतःहून द्यायचा असतो. नाही दिला तर तिथेच हाकला. पैसे कार्डनेच द्या, चार टक्के गेले खड्ड्यात. आणि असलं काही बसवून घेतलंत तर तो माणूस घरात असतानाच मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) एसी व्होल्टवर ठेवून वाय आणि सी या तारांमध्ये तपासा: कूलिंग चालू असताना चोवीसच्या आसपास, बंद केल्यावर जवळपास शून्य. डॅम्पर त्याप्रमाणे हलले नाहीत तर पैसे देऊ नका.

सासरे आले तेव्हा डॅम्पर मीच हाताने फिरवले. त्यांनी विचारलं, "मग हा दिवा कसला?"