डिझायरचे जंपर अन् बुश बदलून अकरा महिने झाले, २२ हजार किमीचा अनुभव

गाडी २०१४ ची डिझायर, पेट्रोल. रोजचं जाणंयेणं गाव ते यवतमाळ, म्हणजे आधी नऊ किमी गावचा रस्ता अन् मग आर्णीपासून पुढे नागपूर-तुळजापूर हायवे. हायवेवर कोणतीही गाडी चांगलीच वाटते, खरी परीक्षा त्या नऊ किमीची. आपली काळी जमीन पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबर कितीही चांगलं टाका, थोड्या दिवसात रस्त्याला लाटा येतात, कडा खचतात, अन् कापसाच्या भरलेल्या ट्रॉल्या सुरू झाल्या की उरलासुरला रस्ताही जाते.

सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकावरचे दणके झेलणाऱ्या जंपर-स्प्रिंग-रबराच्या मागे लागलो ते आईसाठी. तिचं मणक्याचं ऑपरेशन झालं, दर महिन्याला नागपूरला दाखवायला न्यावं लागते. जुने जंपर (शॉक ॲब्सॉर्बर) पार बसले होते, एक लाट आली की गाडी तीन-चारदा डोलायची अन् आईला मळमळ व्हायची.

पहिल्यांदा फसलो ते सांगतो. शहरातल्या एका दुकानदारानं गळी उतरवलं की भाऊ, तुमच्या रस्त्याले हेवी ड्युटीच पायजे, अन् जंपरसोबत पुढच्या स्प्रिंगाही डिझेल मॉडेलच्या टाकून दिल्या. डिझेलचं इंजिन जड, म्हणून तिची पुढची स्प्रिंग कडक असते, पेट्रोल गाडीला ती दबतच नाही. गाडी पुढून बोटभर उचलली, डोलणं थांबलं, मी खुश. आई पहिल्याच फेरीत म्हणे, "बापू, हे गाडी होय का बंडी?" बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. चार महिन्यात एका जंपरातून तेल गळायला लागलं, तर रस्ता खराब आहे म्हणून वॉरंटी बसत नाही हे उत्तर मिळालं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या चार महिन्यात आईनं जे दणके सोसले त्याचं जास्त आहे.

मग नीट समजून घेतलं. लाटेवरचं डोलणं जंपर थांबवते, गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, पण बारीक खड्डा, गिट्टी, पुलाचा जॉइंट यांचा जो टक्कन दणका पाठीत बसते तो खातात टायर अन् रबर. रबर म्हणजे जंपर वर जिथं गाडीला बसते ते माऊंटिंग, चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे म्हणजे लोअर आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या), अन् वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे म्हणजे स्टॅबिलायझरचे बुश. माझी अर्धी तकलीफ या रबरात होती अन् मी पैसे जंपरावर घालत होतो. जुनं माऊंटिंग खोललं तर रबर लोखंडापासून सुटलेलं, अंगठ्यानं दाबलं की आतपर्यंत चीर उघडत होती.

दुसऱ्यांदा आर्णीच्या आपल्या मिस्त्रीकडून केलं. चारही जंपर गॅब्रिएलचे, गॅसचे, कंपनीच्या मूळ मापाचे. गॅसचे यासाठी की सतत खडबडीत रस्त्यावर आतलं तेल फेसाळते अन् जंपर ढिला पडते, नायट्रोजनचा दाब तो फेस कमी करते. पुढच्या स्प्रिंगा परत पेट्रोलच्या, दोन्हीकडचं माऊंटिंग बेअरिंगसकट, बंप स्टॉप (जंपर पूर्ण दबला की टेकते ते रबर), लोअर आर्म बुशसकट, लिंक रॉड (स्टॅबिलायझरला जोडणारा दांडा). मजुरी अन् चाकांची अलाइनमेंट धरून साधारण १९ हजार गेले. पॉलियुरेथेनचे बुश घ्या म्हणून एकानं सांगितलं होतं, ते टिकतात खरे पण कडक असतात, आपल्याला आराम पाहिजे तर रबरच बरं.

एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगाच. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लटकत असताना फायनल टाईट करायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असते, लटकत्या चाकावर बोल्ट आवळला अन् मग गाडी खाली उतरवली की ते रबर कायमचं पिळलेलं राहते, राईड कडक होते अन् बुश लवकर फाटते. आम्ही बोल्ट हातानं बसवून गाडी चार चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून हलवली, मग खाली सरपटत जाऊन आवळले. मिस्त्री म्हणे, पंधरा वर्षात कोणी असं करायला लावलं नाही, पण केलं त्यानं मनापासून.

आता अकरा महिने, एक पूर्ण उन्हाळा अन् हा पावसाळा गेला. लाटेवर गाडी एकदा खाली बसते अन् सरळ होते. आवाज जवळजवळ नाही. पहिले मागच्या टायरवर हात फिरवला की खालवर खड्डे लागायचे, आता टायर सारखा घासते. आई आधी घरून निघाली की दारावरचा दांडा पकडायची तो नागपूर येईपर्यंत सोडायची नाही. जानेवारीत आमच्या नाल्याच्या पुलावरून गेलो अन् आरशात पाहिलं तर तिचे दोन्ही हात मांडीवर, अन् ती मावशीशी तुरीच्या भावाचं बोलत होती. मी काही बोललो नाही, पण १९ हजार तिथंच वसूल झाले.

टायर १६५/८० आर १४ चेच ठेवा, दिसायला भारी म्हणून कमी उंचीच्या बाजूचे घेऊ नका, अन् हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच, सकाळी थंड टायरमध्ये. पंपावर पोरगं सरसकट ४० भरून देते, मग कितीही महाग जंपर टाका, दणका बसणारच.

पाच जण अन् डिक्कीत सामान असलं की मागून अजूनही कधीकधी टेकते. जंपर नवे आहेत, मागच्या स्प्रिंगा मात्र जुन्याच आहेत, त्या थोड्या बसल्यात. स्प्रिंगच्या वेढ्यांमधे टाकायचे रबरचे बफर खूप जण सुचवतात, मी नाही टाकणार, स्प्रिंगचे वेढे तेवढे कडक होतात अन् परत तेच दणके. दिवाळीच्या आधी मागच्या दोन्ही स्प्रिंगा सोबतच बदलतो, पेट्रोलच्याच आहेत का ते पार्ट नंबर लावून पाहूनच.