ताप, बीपी की कुत्र्याचा चावा : नागपुरात कमी खर्चात कुठे दाखवायचं?

किरकोळ दुखण्यासाठी नागपूरकरांपुढे साधारण पाच पर्याय असतात. औषध दुकानाचा काउंटर, दुकानाला लागून असलेलं छोटं क्लिनिक, महापालिकेचं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना', फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा ई-संजीवनी, आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांची ओपीडी. बहुतेक जण पहिल्या दिवशी किती पैसे लागतील यावरून ठरवतात. पण खिसा रिकामा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, जेव्हा आधीच्या गोळ्या कोणत्या होत्या हेच कुणाला सांगता येत नाही आणि सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून प्रत्येक पर्यायाला आम्ही एकच प्रश्न लावला आहे: तीन दिवसांत उतार पडला नाही, तर इथे कोण आणि कोणत्या कागदावरून पुढचं बघणार?

पावसाळ्यातला ताप

ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या तापाला काउंटरवरून गोळी घेणं सर्वांत स्वस्त वाटतं आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. 'ताप-अंगदुखीची' म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. डेंग्यू निघाला तर याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. नुसतं पॅरासिटामॉल घ्या: मोठ्या माणसाला ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार असेल तर तेही विचारूनच.

दुकानालगतचं क्लिनिक इथे काउंटरपेक्षा नक्कीच बरं, पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, तपासण्यांचा दिवस. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, आयजीएम त्यानंतर. दुसऱ्याच दिवशी दोन्ही करायला लावल्या तर त्यातल्या एकीचे पैसे वाया जातात. पहिल्या आठवड्यातल्या विडाल तपासणीवरून टायफॉइड ठरवणंही चुकीचं. मलेरियाची रक्तपट्टी मनपाच्या केंद्रात मोफत होते, तिच्यासाठी पैसे मोजू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे पडदा आणि तपासणीचं टेबल. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती आणि हा आजार विदर्भात अजूनही दिसतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. त्याची खूण म्हणजे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोग्यालाही माहीत नसते. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली, कानामागे ती शोधावी लागते. खुर्चीवर बसवून छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या तीन मिनिटांच्या तपासणीत ती सापडत नाही. नेहमी लिहिली जाणारी सेफिक्झाइमसारखी अँटिबायोटिक्स या आजारावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिन वेळेवर सुरू झालं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि किडनीपर्यंत जातं. शेतात, गवतात किंवा झुडपात वावर असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि अंग तपासायला लावा. जिथे आडोसा नाही, तिथे तापाचा रोगी नेऊ नका.

ताप उतरतोय पण माणूस मलूल पडतोय, पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर कुठलंही क्लिनिक नको. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतानाच धोका वाढतो. थेट मेडिकल किंवा मेयोच्या आकस्मिक विभागात जा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

क्लिनिक निवडताना

दुकानातल्या क्लिनिकची कल्पना अमेरिकेतली. २००० साली मिनियापोलिस भागात किराणा दुकानांमध्ये अशी क्लिनिकं उघडली. तिथे नर्स प्रॅक्टिशनर (रोगी तपासून औषध लिहून देऊ शकणाऱ्या नर्स) बसायच्या आणि काय तपासतो, त्याचे किती पैसे, हे फलकावरच लिहिलेलं असायचं. यादीबाहेरचं दुखणं आलं की रोग्याला पुढे पाठवायचे. पैसा या धंद्यात सहज सुटत नाही. वॉलमार्टने आपली सगळी ५१ आरोग्य केंद्रं बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे नर्स किंवा फार्मासिस्टने प्रिस्क्रिप्शन लिहिलेलं चालत नाही, नोंदणीकृत डॉक्टरच लागतो. पण तो फलक मात्र आपण मागायलाच हवा: इथे काय बघता, काय बघत नाही, आणि फी किती.

फलकावर डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. एमबीबीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस यांची प्रशिक्षणं वेगळी आहेत, समोर कोण बसलंय हे विचारण्यात संकोच नको. फी आणि औषधाचं बिल वेगवेगळं घ्या. 'औषधासकट अमुक इतके' असं पॅकेज असेल तर कागदी पुडीत सुट्या गोळ्या मिळण्याची शक्यता फार. त्या गोळ्यांची नावं पुढच्या डॉक्टरला कधीच कळत नाहीत. कात्रीने कापून दिलेल्या पट्टीचंही तसंच. तीन गोळ्यांचा तुकडा तुमच्या हातात येतो, नाव आणि मुदतीची तारीख दुकानातल्या उरलेल्या सात गोळ्यांवर राहते. तारखेकडचा भाग मागा किंवा पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं.

साध्या सर्दी-तापाला पहिल्याच दिवशी सुई किंवा सलाईन सुचवलं, तर उठून निघा. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनची गरज क्वचितच असते. लगेच तरतरी आणणाऱ्या सुईत बरेचदा स्टिरॉइड असतं, आणि त्याने ताप झाकला जातो, आजार नाही.

गळू, कान दुखणं, त्वचेचा चट्टा, लघवीची जळजळ, मुका मार यांसाठी चांगलं क्लिनिक हा सर्वांत सोयीचा पर्याय आहे. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तिथे जाता येतं, हा त्याचा खरा गुण. राज्य सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेले 'आपला दवाखाना' दुपारी २ ते रात्री १० या वेळेसाठीच आखलेले आहेत. तुमच्या वस्तीत असा दवाखाना असेल तर फीच्या क्लिनिकआधी तिथे जाऊन बघा.

बीपी आणि शुगर

इथे आमचं मत स्पष्ट आहे: मनपाचं केंद्र. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिनसारखी रोजची औषधं तिथे मोफत असतात, कार्डावर प्रत्येक महिन्याचं माप लिहिलं जातं आणि तीच नर्स तुम्हाला ओळखू लागते. अडचण येते साठ्याची. गोळ्या संपल्या की लोक औषधच बंद करतात. त्यापेक्षा चिठ्ठीवर घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या आणि तेवढ्या दिवसांपुरतं जनऔषधी केंद्रातून आणा. तिथे ब्रँडच्या मानाने किंमत बहुधा निम्म्याहून कमी पडते.

दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या घेतलेल्या बीपीवरून औषध सुरू करू नका आणि बदलूही नका. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, अर्ध्या तासात चहा-तंबाखू न घेता मोजलेलं माप धरायचं. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर राहिलं तर उपचारांची गरज आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तरी ती एकदा पुन्हा तपासतात. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन, डोळ्याचा पडदा आणि पायाची संवेदना बघायला मेडिकल किंवा मेयोत जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, डागा स्त्री रुग्णालय त्यात येतं. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं थोडं शुल्क लागतं. महात्मा फुले योजना ठरावीक, मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, दरमहाच्या ओपीडीसाठी तिचा उपयोग नाही.

ई-संजीवनी आमच्या मते जुन्याच औषधांबद्दल विचारायला आणि रिपोर्ट दाखवायला चांगली. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून टोकन घ्यायचं, चिठ्ठी फोनवर येते. खोकला, धाप, पोटदुखी मात्र तिथे नको.

कुत्रं चावलं तर

आधी नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. क्लिनिकात बहुतेक वेळा लस मिळते, सीरम (म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन) नाही. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, शक्यतो त्याच दिवशी, आणि पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आतच. त्यामुळे रक्त निघालेला चावा असेल तर थेट मेडिकल किंवा मेयो. पुढचे डोस घराजवळच्या मनपा केंद्रात घेता येतात: त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवसाचा आणखी एक. पद्धत कोणती ते कार्डावर लिहून घ्या, मध्येच बदलू नका.

घरात सिकलसेल असेल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि विदर्भात त्याबद्दल वेगळं सांगावंच लागतं. सांधे दुखतात म्हणून संधिवाताची सुई घेत फिरणारा तरुण सिकलसेलचा रोगी असू शकतो. घरात कुणाला असेल, लहानपणापासून डोळे पिवळे होत असतील किंवा वारंवार रक्त चढवावं लागलं असेल, तर क्लिनिकात शिरताच सांगा. सोल्युबिलिटी तपासणी ही फक्त चाळणी आहे. वाहक की रोगी हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच ठरतं, आणि त्यासाठी सरकारी रुग्णालय गाठायचं. अशा मुलाला ताप आला, छातीत दुखलं किंवा डावीकडे पोट फुगलं, तर दुकान, क्लिनिक, फोन यांत अर्धा दिवसही घालवू नका. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं रोजचं औषध) चालू असेल तर त्याचं कार्ड आणि शेवटचा सीबीसी रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही.