काळ्या ग्रॅनाइटचा फलक आणि त्यावरील सर्वांत मोठे अक्षर : इंदूरमधील एका दगडकाम दुकानाचा अनुभव

आमच्या मराठी भाषिक ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनागृहाचे छत बदलून झाल्यावर प्रवेशद्वाराशेजारी दगडी फलक लावायचे ठरले आणि ते काम इंदूरच्या छावणी भागातील एका दुकानाकडे दिले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे. फलक दोन फूट रुंद व दीड फूट उंच, अठरा मिलिमीटर जाडीच्या काळ्या ग्रॅनाइटचा आहे. संगमरवर आम्ही टाळला. संगमरवर म्हणजे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि फरशी पुसणाऱ्याच्या हातून आम्लयुक्त क्लीनरचे चार शिंतोडे उडाले तरी त्या जागची चकाकी जाते. ही गोष्ट दुकानदाराने स्वतःहून सांगितली, आणि संगमरवर महाग असूनही तो आमच्या गळ्यात मारला नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

दर अक्षरावर होता. एक इंचापर्यंतच्या अक्षराला पंधरा रुपये, दोन इंचांच्या अक्षराला तीस, आणि जोडाक्षर एकच धरायचे. आम्ही नेलेल्या मसुद्यात चौतीस देणगीदारांची नावे होती. त्यांच्या वर ‘यांच्या अथक परिश्रमाने ही मंडळी उभी राहिली’ असे वाक्य आणि त्याखाली पाळकसाहेबांचे नाव होते. ‘देवाच्या गौरवार्थ’ हे शब्द सर्वांत वर होते, पण अर्ध्या इंचाचे. तीनशेच्या वर अक्षरे भरली. दुकानदाराने कागद फिरवून पाहिला आणि त्याच्या धंद्यातला साधा प्रश्न विचारला, ‘यातले सर्वांत मोठे अक्षर कोणते ठेवायचे? लांबून तेवढेच वाचले जाते.’

आम्ही तिघे गेलो होतो. तिघेही गप्प झालो. कागद घेऊन परत आलो आणि पुढचे दोन रविवार उपासनेनंतर कमिटीत यावर चर्चा झाली. ‘ही मंडळी उभी राहिली’ हे वाक्य आधी गळाले, कारण एका ज्येष्ठ सभासदांनी आठवण करून दिली की कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन या शहरात १८७७ साली आले, दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले आणि आपण छताचे पत्रे बदलले आहेत. कोणीतरी बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातल्या हेरोद राजाचा दाखला दिला. लोकांनी त्याच्या भाषणाला देववाणी म्हटले, त्याने देवाला गौरव दिला नाही आणि त्याला किडे पडले. पत्र्यांच्या संदर्भात हा दाखला मला जरा जड वाटला, पण त्या दिवशी सभेत कोणी हसले नाही.

खरा पेच नावांचा होता. नावे काढली की आपोआप नम्रता येते, असे मलाही वाटत होते. तेव्हा आमच्या एका काकूंनी बायबलमधील रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला. प्रेषित पौलाने त्यात पंचवीसहून अधिक माणसांची नावे घेतली आहेत, कोणी काय कष्ट केले तेही सांगितले आहे, आणि पत्र लिहून घेणारा लेखनिक तर्तिय स्वतःच्या नावाने मध्येच सलाम सांगतो. ‘देवाला श्रेय द्यायचे म्हणून माणसांचे आभार बुडवायचे, असे कुठे लिहिले आहे?’ असा काकूंचा सवाल होता. शेवटी नावे दगडावर न कोरता मंडळीच्या नोंदवहीत लिहावीत आणि आभाराच्या उपासनेत मोठ्याने वाचावीत, असे ठरले. संगीतकार योहान सेबास्टियन बाख आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरे लिहीत असे. तसे काही लहानसे खाली कोरावे, अशी एक सूचना होती, पण ती आद्याक्षरे येथे कोणाला कळली नसती.

चौतिसांच्या यादीत सोळावे नाव माझे होते. नावे काढावीत असे सर्वांत मोठ्याने मीच बोललो, आणि बोलताना, याला कसला मोह नाही हे समोरच्या बाकावरच्यांनी पाहावे, अशी इच्छा मनात स्पष्ट होती. साक्ष देताना ‘सगळी प्रभूची कृपा’ म्हणायचे आणि फोटो निघेपर्यंत व्यासपीठावरून उतरायचे नाही, हा आमच्या सेवाकार्यातला जुना आजार आहे. त्याची ही माझी आवृत्ती.

अंतिम मजकूर ‘देवाने वाढ दिली’, त्याखाली बायबलमधील वचनाचा संदर्भ म्हणून ‘१ करिंथ ३:७’ आणि ‘प्रार्थनागृह दुरुस्ती २०२४’ एवढाच, म्हणजे पंचवीस अक्षरे झाली. तीनशेची ऑर्डर पंचविसावर आली तरी दुकानदाराने तोंड वाकडे केले नाही. उलट वरची ओळ साडेतीन इंचांची घ्या, असे त्यानेच सुचवले.

कामाची पद्धत अशी की दगडावर चिकटपट्टीसारखा व्हिनाइल कागद लावतात, अक्षरांपुरता कागद टाचणीने उचलून काढतात आणि उघड्या पडलेल्या भागावर वाळूसारख्या कणांचा जोरदार झोत मारतात. ‘करिंथ’वरच्या अनुस्वाराचा ठिपका उचलायचा राहिला आणि दगडावर ‘करिथ’ उमटले. चूक दाखवल्यावर कारागिराने त्याच दिवशी हाताने ठिपका कोरला. तो किंचित मोठा आहे, पण सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. अक्षरांत सोनेरी रंग भरला आहे. तो पुढेमागे उडाला तरी काळ्या ग्रॅनाइटवर झोताचा भाग मुळातच पांढुरका दिसत असल्याने मजकूर वाचता येईल.

तक्रारी दोन. फलक सांगितल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशिरा मिळाला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात पाव इंचाच्या अक्षरांत दुकानाचे नाव व मोबाइल क्रमांक कोरलेला निघाला. आम्हाला कोणी विचारले नव्हते. चौतीस नावे स्वतःहून काढणारी कमिटी या एका नावावर इतकी संतापली की पाळकसाहेबांना मध्ये पडावे लागले. दुकानदाराने माफी मागितली, काळे इपॉक्सी भरून ती ओळ घासून दिली आणि पाचशे रुपये कमी केले. या दुकानात दगड, कोरीवकाम आणि सल्ला उत्तम मिळतो. मात्र ऑर्डरच्या पावतीवर ‘दुकानाचे नाव नको’ असे लिहून घ्यावे. आमच्या फलकावर संध्याकाळी उन्हाची तिरीप पडली की तो मोबाइल क्रमांक अजूनही वाचता येतो.