इअरबड की इन-इअर : गाणारा मध्यभागी राहतो कुठे?

कमी किमतीच्या इअरफोनमध्ये साउंडस्टेज (आवाज किती मोठ्या जागेत पसरलेला वाटतो) आणि इमेजिंग (त्यात कोणता आवाज नेमका कुठून येतो) दोन्ही शोधणारा शेवटी याच दोन पर्यायांपाशी येतो. एक म्हणजे कानाच्या खोबणीत नुसते टेकून बसणारे इअरबड आणि दुसरे मऊ टोक, म्हणजे टिप, आत सरकवून कान बंद करणारे इन-इअर. मी दोन्ही बराच काळ आलटून पालटून वापरले. मोजमापाची साधनं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांच्या भरवशावर आहे.

साउंडस्टेजमध्ये इअरबड पुढे आहेत, आणि ते मी मनापासून मान्य करतो. थेट मैफलीचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा त्यांवर ऐकलं तेव्हा टाळ्या डोक्याबाहेरून, खांद्याच्या पलीकडून आल्यासारख्या वाटल्या. कान बंद होत नाही, आजूबाजूची हवा कानात खेळती राहते, आणि बास, म्हणजे खालचे जाड सूर, निसटून गेल्यामुळे मधल्या पट्टीचे सूर मोकळे होतात. म्हणजे त्या प्रशस्तपणात हरवलेल्या बासचाही वाटा आहे. तरी ऐकताना सुख वाटतं हे खरं. इन-इअरमध्ये तेच रेकॉर्डिंग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या जागेत मावतं.

पण साउंडस्टेज म्हणजे खोली केवढी, आणि इमेजिंग म्हणजे त्या खोलीत कोण कुठे बसलंय. माझा निर्णय या दुसऱ्या गोष्टीवर झाला.

इअरबडमध्ये गाणारा एका जागी राहत नसे. गाणं सुरू करताना आवाज बरोबर मध्ये असायचा. मान वळवली, आवंढा गिळला, नुसतं हसलो तरी उजवा इअरबड केसभर सरकायचा आणि गाणारा डावीकडे जाऊन बसायचा. मग बोटाने दाबून त्याला परत मध्ये आणायचं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. याचं कारण साधं आहे. डावा-उजवा आवाज सारखा असला तरच मेंदू तो मधोमध आहे असं धरतो, आणि एका बाजूची पातळी डेसिबलभर घसरली तरी लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ते जाणवतं. इअरबड आणि कान यांच्यातली फट जरा वाढली की त्या बाजूचा बास आणि आवाजाचा भरदारपणा जातो. शिवाय आपले दोन कान हुबेहूब सारखे नसतातच. फोमची आवरणं चढवून पाहिली. पकड सुधारली, पण त्रास गेला नाही. एकदा हे लक्षात आल्यावर मी गाणं ऐकायचं सोडून गाणाऱ्याची जागाच तपासत बसू लागलो.

इन-इअरमध्येही सुरुवातीला आवाज थोडा कललेला होता. माझा उजवा कान किंचित रुंद निघाला. तिथे मोठी टिप आणि डावीकडे मधली, अशी वेगवेगळी जोडी लावली, आणि तेव्हापासून गाणारा हललेला नाही. गिटार डाव्या बाजूला, पण टोकाला नाही, ड्रम मागे, व्होकल मध्ये, हे चालताना-फिरतानाही तसंच राहतं. खोली लहान असेल, पण सगळे आपापल्या जागी असतात. चालताना स्वतःच्या पावलांची धमधम आत ऐकू येते, वायर कपड्यांना घासते. वायर कानावरून मागे घेतली की घासण्याचा आवाज बराच कमी होतो. पावलांची मात्र सवयच करावी लागते.

इन-इअर निवडताना पहिल्या दोन मिनिटांत फार प्रशस्त वाटणाऱ्याबद्दल जरा सावध राहा. पुष्कळदा ती वाढवलेल्या ट्रेबलची, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांची, करामत असते, आणि तासाभरात ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतात. ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, किती आहेत याला मी या किमतीत महत्त्व देत नाही. डावा-उजवा नीट जुळलेला असेल तर एकच डायनॅमिक (नेहमीच्या स्पीकरसारखा पडदा आणि कॉइलचा) ड्रायव्हर पुरतो.

शांत खोलीत एका जागी बसून मोठा वाद्यवृंद ऐकणार असाल, किंवा कानात टिप सहनच होत नसेल, तर इअरबडच घ्या. तिथे ती मोकळीक इन-इअर देऊ शकत नाही. ज्यांना गेममध्ये पावलांची दिशा ओळखायची आहे किंवा फिरता फिरता ऐकायचं आहे, त्यांना मी इन-इअरच सुचवेन.

काहीही घेतलं तरी आधी एखादं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं, रेकॉर्डिंग लावा. स्टिरिओ तबकड्या सर्वसामान्य बाजारात १९५८ साली आल्या, त्यामुळे त्याआधीचं जवळपास कुठलंही गाणं चालेल. आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा. कलला, तर दोन्ही बाजू उलट करून घाला, अर्थात आकार तसा बसत असेल तर. आवाज आता दुसऱ्या बाजूला गेला तर जोडी बदलून मागा. पूर्वीच्याच बाजूला राहिला तर जोडी ठीक आहे, टिप किंवा फोमचं आवरण बदलून पाहा.