ओट्यासाठी ग्रॅनाईट, मार्बल की कडप्पा?

घोडबंदर रोडला किंवा खारघरला घराचं काम निघालं की टाइल्सवरून होत नाहीत एवढे वाद ओट्याच्या दगडावरून होतात, आणि तेही रंगासाठी. माझं ऐकाल तर रंग शेवटी बघा. आधी दगड सिलिकेटचा, म्हणजे आम्लाला दाद न देणाऱ्या खनिजांचा, की आम्लात विरघळणाऱ्या चुन्याचा ते विचारा. ज्या ओट्यावर रोज लिंबू पिळलं जातं आणि चिंचेचा कोळ सांडतो, त्याचा निकाल इथेच लागतो.

ग्रॅनाईट हा अग्निजन्य खडक. जमिनीखाली खोलवर शिलारस फार सावकाश थंड होतो, म्हणून स्फटिक मोठे होतात. लादी जवळून बघा: पांढरट किंवा गुलाबी ठिपके फेल्डस्पारचे, काचेसारखे करडे क्वार्ट्झचे, आणि चमचमतो तो अभ्रक. काठिण्याच्या मोहस मापनावर क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६, घरातली सुरी साधारण साडेपाच. म्हणजे झीज होते ती सुरीची. ही सगळी सिलिकेट खनिजं, म्हणून लिंबू, व्हिनेगर याला काही करत नाही. खोड एकच: कणांमधल्या बारीक फटींत तेल आणि हळद मुरते, फिक्या रंगावर ती दिसते, तेव्हा फटी बुजवणारा सीलर मारून घ्या.

‘काळा ग्रॅनाईट’ म्हणून विकतात तो बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. तोही शिलारसाचाच, पण त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतो. गडद रंग पायरॉक्सीन या खनिजाचा. म्हणून काही बिघडत नाही. कण घट्ट, डाग दिसत नाहीत. मी तरी हाच घेईन.

ठाण्याजवळचा पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचे कडे हे सगळं बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. मग तोच का नको? लाव्हा वर येऊन भराभर थंड झाला, त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, आकसताना भेगा पडल्या. सलग मोठी लादी निघणं कठीण. तो तुमच्या घरात येतो, पण खडी होऊन, स्लॅबमध्ये.

मार्बल मूळचा चुनखडक. उष्णता आणि दाबाखाली त्यातल्या कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे स्फटिक नव्याने घडतात. राजस्थानातल्या मकराण्याचा देखणाच, पण काठिण्य जेमतेम ३. लिंबाचा थेंब पडला की आम्ल कॅल्साइट विरघळवतं आणि तिथलं पॉलिश जातं. तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे घासून काही उपयोग नाही. देवघराला लावा, ओट्याला नको.

कडप्पा आंध्रचा, काळा, थरांचा चुनखडक. पाण्याखाली गाळ थरावर थर साचून झालेला, म्हणून सपाट लाद्या सहज सुटतात आणि स्वस्त पडतो. कोटा, शहाबादीही याच जातीचे. आम्लाची भीती यालाही आहे, शिवाय कडा थरातून सुटू शकते. पण ओट्याखालच्या उभ्या पाट्या आणि फळ्यांसाठी कडप्प्यासारखा दगड नाही. तिथे ग्रॅनाईट लावायला सांगणाऱ्या कंत्राटदाराला सरळ नाही म्हणा.

शंका असेल तर दुकानातून तुकडा मागून आणा, पॉलिशच्या बाजूला लिंबाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पुसल्यावर तिथे निस्तेज ठिपका उरला तर दगड चुन्याचा, दुकानदार त्याला काहीही म्हणो.