.३२ रिव्हॉल्व्हरच्या सफाईचा संच: नागपुरात दोन पावसाळे वापरल्यानंतर

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली आणि आदेशाप्रमाणे मी माझा आयुध निर्माणीचा .३२ रिव्हॉल्व्हर जमा केला. नागपूरचे मतदान १९ एप्रिललाच झाले, तरी आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती, त्यामुळे शस्त्र परत मिळाले तेव्हा अर्धा जून सरला होता. ते मी चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवून दिले होते, ही माझी चूक होती. चामडे ओल धरून ठेवते, आणि त्याचा परिणाम नळीच्या तोंडाशी व सिलिंडरच्या पुढच्या कडेवर तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसला. त्याच आठवड्यात नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या भागातील एका परवानाधारक दुकानातून मी हा सफाईचा संच साडेनऊशे रुपयांना घेतला.

संचात तीन तुकड्यांत जोडायची पितळी सळई, कांस्याच्या तारांचा ब्रश, चिंधी धरणारे टोक, तेल पुसायचा मऊ बोळा, स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची लहान बाटली आहे. यातील खरे मोल सळईचे आहे. पितळ हे नळीच्या पोलादापेक्षा मऊ असल्याने चुकून घासले तरी नळीला ओरखडा पडत नाही. शिवाय सळईची मूठ स्वतःभोवती मोकळी फिरते, त्यामुळे ब्रश नळीतील सर्पिल खाचांच्या वळणाने वळत पुढे जातो. मुठीवर हात स्थिर ठेवून सळई ढकलताना ते वळण तळहाताला स्पष्ट जाणवते, आणि ब्रश खाचा ओलांडून खरवडत नसल्याची खात्री पटते.

सफाईची माझी पद्धत ठरलेली आहे. काडतुसे आधीच दुसऱ्या खोलीत कुलपात जातात आणि टेबलावर एकही राहत नाही. नळी रिकाम्या भिंतीकडे ठेवून, बोट चापापासून दूर धरून मी कळ दाबतो, रिव्हॉल्व्हर मधून मोडतो, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडतो, आणि सिलिंडरची सहाही घरे डोळ्यांनी पाहून पुन्हा बोटाने चाचपतो. एवढे झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. त्यानंतर सिलिंडर मोकळा करणारा स्क्रू सैल करून सिलिंडर वेगळा काढतो. तो स्क्रू लगेच पांढऱ्या वाटीत टाकतो, कारण फरशीवर पडलेला स्क्रू शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

सिलिंडर काढण्याचे कष्ट का घ्यावेत, असे अनेक जण विचारतात. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाजूला झाला की नळीची मागची बाजू पूर्ण उघडी होते आणि सळई मागून पुढे घालता येते. नळीच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा असते. तिथे वर्षानुवर्षे सळई घासली गेली, तर कड एका अंगाने झिजते आणि नेम बिघडतो. म्हणून ब्रश मागून घालायचा, तो तोंडातून पूर्ण बाहेर येईपर्यंत ढकलायचा आणि मगच मागे ओढायचा. नळीच्या मध्यावर दिशा बदलली तर तारा वाकतात आणि ब्रश लवकर निकामी होतो. माझा पहिला ब्रश असाच गेला.

शिशाच्या गोळ्यांचा राखाडी थर नळीच्या मागच्या तोंडाशी सर्वाधिक साचतो, आणि तो पहिल्याच फटक्यात निघावा असा आग्रह धरू नये. दुकानातील वयस्कर मिस्त्रींनी मला सांगितले होते, “भाऊ, घासू नका, तेलाला काम करू द्या.” द्रावण लावून पंधरा मिनिटे थांबल्यावर पहिली चिंधी काळी येते, चौथी करडी आणि सातवी किंवा आठवी जवळपास पांढरी. संचातील चिंध्या चार वेळच्या सफाईतच संपल्या. आता मी जुन्या धोतराचे चौकोन कापून वापरतो आणि ते अधिक चांगले शोषतात. या काळ्या चिंध्यांत शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काहीही खाऊ नये.

संचातील दोन वस्तू मात्र निराशाजनक आहेत. स्क्रू ड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असल्याने खाचेत घट्ट बसत नाही. ते एकदा निसटले आणि स्क्रूशेजारच्या काळसर मुलाम्यावर बारीक पांढरी रेघ उमटली. खाचेच्या रुंदीत नेमके बसणारे सरळ पाते वेगळे विकत घ्यावे. तेलाच्या बाटलीचे झाकण गळते, आणि हा दोष वरवर वाटतो तेवढा किरकोळ नाही. तेल जास्त झाले तर ते सिलिंडरच्या घरांत राहते आणि काडतुसाच्या टोपीत, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या तळाच्या भागात, झिरपून ते निकामी करू शकते. तेलाचा हात फक्त दिसेल न दिसेल इतकाच असावा, आणि सिलिंडरची घरे शेवटी कोरड्या चिंधीने पुसावीत.

नागपूरकरांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात गंज चढतो हे सर्वांनाच ठाऊक असते, परंतु आपल्याकडे एप्रिलपासून खसाचे कूलर रात्रंदिवस चालतात आणि बंद खोलीतील हवा कोरड्या उन्हाळ्यातही दमट होते. माझे कपाट कूलरच्या खोलीत होते, ते मी हलवले. आता शस्त्र होल्स्टरबाहेर, सुती कापडात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह कुलपात असते, आणि दोन पावसाळ्यांत नवा ठिपका आलेला नाही.

सिलिंडरच्या पलीकडे, म्हणजे चाप, घोडा आणि स्प्रिंग यांच्या भागात, मी हात घालत नाही आणि इतरांनीही घालू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, त्यामुळे ते काम अधिकृत कारागिराकडेच द्यावे. सळई, ब्रश आणि फिरती मूठ यांसाठी साडेनऊशे रुपये मला रास्त वाटतात. ब्रश दर पावसाळ्याआधी बदलावा लागतो. घेताना तो .३२ चाच असल्याची खात्री करावी, कारण .३८ चा ब्रश या नळीत जबरदस्तीने घातला तर अडकून बसतो.