कम्युनिटी कॉलेजात लिबरल स्टडीज : दीड वर्ष वापरून झाल्यावर

कॅलिफोर्नियात एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर ‘आता मी काय करू?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणींना तेच तेच सांगून झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं शिक्षण एस. वाय. बी. कॉम.ला अर्धवट सुटलेलं. बे एरियात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांची डिग्री देणारं सरकारी कॉलेज) लिबरल स्टडीज, म्हणजे भाषा, गणित, विज्ञान, इतिहास असं सगळं थोडं थोडं, घेतलं, उद्देश प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं. तिसरं सेमिस्टर संपत आलंय. कॉलेजचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणंही काढणार आहे.

आधी पैशांचं बोलू. राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी, आणि २०१२ पासून ती तेवढीच आहे. म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ डॉलरला. डिग्रीला ६० युनिट लागतात, तर नुसती फी २,७६० डॉलर. वर हेल्थ फी, पार्किंग वगैरे किरकोळ. पुस्तकांचा खर्च टाळायचा असेल तर वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असलेले वर्ग शोधा. मात्र हा दर मिळायला वर्षाहून जास्त इथं राहिल्याचे आणि इथंच राहायचा इरादा असल्याचे कागद दाखवावे लागतात. एच-४ वाल्यांना ते जमतं, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना नाही. तोवर फी कितीतरी पट भरावी लागते. एच-४ वर शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही, पण फाफ्साची, म्हणजे त्या अर्जावर मिळणारी केंद्र सरकारची आर्थिक मदतही मिळत नाही.

आता खरी गोम. कॅटलॉग उघडलात की एकसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन डिग्र्या शेजारी शेजारी भेटतात. एक ‘लिबरल आर्ट्स, अमुक क्षेत्रावर भर’, किंवा तिलाच काही कॉलेजं ‘इंटरडिसिप्लिनरी स्टडीज’ म्हणतात. तिच्यात एखाद्या गटातले किमान १८ युनिट आपल्या आवडीने निवडायचे. दुसरी ‘एलिमेंटरी टीचर एज्युकेशन’ची ट्रान्सफर डिग्री (जी घेऊन पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं), म्हणजे चार वर्षांच्या लिबरल स्टडीजचा पहिला अर्धा भाग. ती भलतीच काटेकोर आहे. कोणतं गणित, कोणता इतिहास, कोणतं विज्ञान, सगळं आखून दिलेलं. पहिली मोकळी म्हणून गोड वाटते, पण शिक्षिका व्हायचं असेल तर दुसरीच घ्या. पहिली घेऊन ट्रान्सफरला गेलेल्या आणि तिकडे जाऊन राहिलेले विषय भरत बसलेल्या दोघीजणी माझ्या ओळखीत आहेत.

सगळ्यात आवडलेला वर्ग म्हणजे प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित. पहिल्या आठवड्यात मी मनात म्हटलं, हे काय, बेरीज-वजाबाकी! पाढे पाठ असलेल्या आपल्यासारख्यांना कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. मग प्राध्यापिकेने पायाच बदलला. दहाऐवजी पाचाचा. अंक फक्त शून्य ते चार. टेबलावर लाकडी ठोकळे : सुटे, पाचाच्या काड्या आणि पाच काड्यांची एक चौकोनी फरशी. २३ मध्ये १४ मिळवा. तीन आणि चार सुटे एकत्र केले की सात होतात, त्यातल्या पाचांची एक काडी बांधायची, उरले दोन. ती काडी म्हणजेच हातचा. उत्तर ४२. मग उलट, ४२ मधून १४ वजा करा. शेजारी पन्नाशीच्या, शाळेत मदतनीस असलेल्या बाई, पलीकडे नुकता हायस्कूल संपवलेला मुलगा, आणि मी. तिघंही काडी सोडून सुटे मोजत होतो. प्राध्यापिका उत्तराला मार्क देतच नव्हत्या. ‘इथे एक उसना घेतलास तो नेमका किती किमतीचा?’ एवढंच विचारायच्या. दहा म्हणालं की नकारार्थी मान हलवायच्या. शाळेत इतकी वर्षं हातचा घेतला, पण तो कुठून येतो हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सेमिस्टरला शिक्षणशास्त्राचा ओळखवर्ग घेतला होता. त्यात ४५ तास प्रत्यक्ष शाळेत बसून निरीक्षण करावं लागतं. (आधी बोटांचे ठसे आणि टीबीची तपासणी. ठशांना वेळ लागतो, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या.) दुसरीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर ३८ + २५ आडवं लिहिलं आणि म्हणाल्या, मनात करा. एकीने २५ मधले दोन काढून ३८ ला दिले, चाळीस आणि तेवीस. एकाने तीस-वीस वेगळे, आठ-पाच वेगळे केले. एकजण नुसतं ‘त्रेसष्ट’ म्हणून गप्प बसला, तर बाईंनी त्याला कसं ते सांगेपर्यंत सोडलं नाही. ठोकळ्यांचा तो वर्ग केला नसता तर मला हे सगळं वेळकाढूपणा वाटलं असतं.

म्हणून माझं ठाम मत : या डिग्रीत विषयांची सांगड कॉलेज घालून देत नाही. गणितवाल्यांना शिक्षणशास्त्रवाले काय शिकवतात ते माहीत नसतं, इतिहासवाले तिसऱ्याच इमारतीत. सांगड आपल्यालाच घालायची, आणि ती कोणते विषय एकाच सेमिस्टरला घेता यावर ठरते. दुसऱ्या सेमिस्टरला मुलाच्या वेळा सांभाळायच्या म्हणून मी हाताला लागेल ते ऑनलाइन घेतलं. युनिट मिळाले, बाकी फारसं काही नाही.

अपवाद एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक गटांच्या अभ्यासाचा. वाटलं होतं, एक सक्तीचा विषय उरकला जाईल. तिथं १९२३ चा भगतसिंग थिंद खटला आला. भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि त्यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वं रद्द करायची मोहीम. थिंदच्या वकिलाचं नाव वाचून मी सरळ होऊन बसले : सखाराम गणेश पंडित. त्यांच्यावरही सरकारने खटला भरला, पण तो त्यांनी जिंकला आणि आपलं नागरिकत्व राखलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं बसलेल्या आपल्या घरांत हे नाव का माहीत नसावं?

आता तक्रारी. एका कौन्सेलरने मला जीवशास्त्राचं नुसतं लेक्चर चालेल असं सांगितलं, पुढच्याने प्रयोगशाळा हवीच म्हणून सांगितलं, आणि माझी एक उन्हाळी सुट्टी त्यात गेली. माणसं वाईट नाहीत. अर्ध्या तासाच्या भेटीत समोरचा तुमची फाइल पहिल्यांदाच बघत असतो. तेव्हा कोणत्या सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कोणत्या कॅम्पसला) जायचं ते आधी ठरवा, कोणता विषय तिकडे धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर स्वतः पडताळा आणि कौन्सेलरचं म्हणणं ईमेलवर लिहून घ्या. २०२५ च्या फॉलपासून सामान्य शिक्षणाचा नवा सामायिक आराखडा, कॅल-जेटसी, लागू झालाय. जुन्या बॅचच्या मैत्रिणींचे तक्ते डोळे झाकून वापरू नका.

दुसरी तक्रार ऑनलाइन वर्गांची. आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी प्रवेश घेणाऱ्यांनी राज्यभरच्या कॉलेजांना सतावलंय. वर्ग ‘फुल’ दिसतो, खरी माणसं वेटलिस्टवर ताटकळतात, आणि दोन आठवड्यांनी निम्मी नावं गायब. चर्चेच्या पानावर यंत्राने लिहिलेल्या गुळगुळीत उत्तरांना ‘छान मुद्दा’ असं उत्तर देण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. जमेल तितकं वर्गात जाऊन शिका.

या दोन वर्षांच्या डिग्रीवर वर्गशिक्षिका होता येत नाही. पुढे बी. ए., मग क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना. ट्रान्सफर डिग्रीमुळे सीएसयूमध्ये जागेची हमी मिळते, पण हव्या त्या कॅम्पसची नाही, हे नीट लक्षात ठेवा. ईएडी (कामाचा परवाना) असेल तर मधल्या काळात शाळेत मदतनिसाचं काम बघता येतं. चार वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या मुलांसाठी टीके (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) वर्ग सुरू झाल्यापासून लहानांच्या वर्गांत माणसं हवी आहेत.

आणि भारतातली पदवी पूर्ण झाली असेल, तर या वाटेला लागण्याआधी थांबा. सीएसयूत दुसऱ्या बी. ए.ला प्रवेश मोजकाच देतात. आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्या. कदाचित थेट क्रेडेन्शियलला अर्ज करता येईल, आणि कम्युनिटी कॉलेजात फक्त राहिलेले एक-दोन विषय. त्यात ते ठोकळ्यांचं गणित असेल तर सकाळची बॅच घ्या. संध्याकाळच्या बॅचला ठोकळे पुरत नाहीत.